नाट्याला सांगायचं राहिलं

नऊ मार्चला दुपारी मी दत्ताराम तोडणकरला तेराशे पन्नास रुपये दिले. साडेचारशेचं ऑइल सील आणि नऊशेचं गिअर ऑइल. मजुरी त्याने घेतली नाही. पावस रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजमध्ये तेव्हा आम्ही तिघंच होतो, तो, त्याची बायको सुनीता आणि मी. पैशांखेरीज मी त्याला एक शब्दही दिला होता. सोळा मेच्या पहाटे दत्ताराम गेला. चोपन्न वर्षांचा होता. शब्द तोवर पाळलेला नव्हता.

फोन आला तेव्हा मी आंब्याच्या पेट्या भरून घेत होतो. छातीत कळ आली आणि डॉक्टर गाठायच्या आधीच सगळं आटोपलं, एवढंच समजलं. स्मशानाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या मी मोजल्या. मोजायची सवयच आहे. त्यांत नाटे गावच्या दोन पिकअप होत्या. तिकडून मासळी घेऊन रत्नागिरीला येणाऱ्या सहा गाड्यांचं काम एके काळी दत्ताराम करायचा. उरलेल्या चार का आल्या नाहीत, हे तिथे जमलेल्यांत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं...

माझा आंबा-काजूचा व्यवहार आहे. चौदा वर्षं माझी पिकअप त्याच्याच हाताखालून गेली. गाडीखाली तेलाचा थेंब दिसला की तो आधी बोटावर घ्यायचा, चोळायचा, नाकाशी धरायचा आणि इंजिनचं की गिअरचं ते सांगायचा. बदललेला जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे शंका नको. आणि पान्याला हात लावण्याआधी प्रत्येकाला एकच विचारायचा, “गाडीला शेवटचं काय केलंत?” लोक वैतागत. डॉक्टरसुद्धा एवढी चौकशी करत नाही, असं मी त्याला एकदा म्हणालो, तर म्हणाला, “डॉक्टराकडे पेशंट बोलतो तरी, अण्णा. इथं मालक बोलतो, नि तो खोटं बोलतो.”

गेल्या सप्टेंबरात माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समधून तेल गळू लागलं. नेहमीचा प्रश्न त्याने विचारला. काही नाही केलं, म्हणून मी सांगितलं. ते खोटं होतं, पण मला तसं वाटलं नव्हतं. पावसाळ्याआधी गाडीच्या पोटाला गंज धरू नये म्हणून आपल्याकडे सगळेच काही ना काही फासतात. खारा वारा पत्रा खातो. मेमध्ये मीही घरच्या घरी काळा गंजरोधक रंग आणला आणि आडवं पडून, एक इंच न सोडता, दोन हात मारले. हे गाडीला काही करणं आहे, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. दत्तारामने मागचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं. आठ दिवसांत गळती पुन्हा सुरू. त्याने पदरचं सील घालून परत बदललं, मजुरी न घेता. अकराव्या दिवशी अंगणात पुन्हा डाग.

डिसेंबरात नाट्याला बंदरालगतच्या चहाच्या टपरीवर गाडीवाले बसले होते. विषय निघाला आणि मी म्हणालो, तोडणकरचा हात गेला आता. दोन सीलं, एकोणीस दिवस, गळती तशीच. आकडे बिनचूक होते. मी उगाच बोलणारा माणूस नव्हे, हे तिथे सगळ्यांना माहीत, म्हणून कुणी उलट विचारलं नाही. महिन्याभरात चार गाड्या दुरुस्तीला राजापूरला जाऊ लागल्या. मीही गाडी दुसरीकडे नेली. त्यांनी तिसरं सील घातलं, तेही गळलं, तेव्हा गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल म्हणाले. खर्च बावीस हजार. त्या आकड्याने मला परत दत्तारामच्या दारात आणलं. त्याच्याबद्दल वाईट वाटलं म्हणून गेलो असं लिहिलं, तर ते खोटं होईल.

त्याने मला बघितलं, हात पुसले. “हात गेलेल्याकडे गाडी आणलीत, अण्णा?”

मी किल्ली पुढे केली. त्याने डिझेलने गिअरबॉक्स धुतला, कोरडा केला, वर सुनीतावहिनींकडून मागून घेतलेलं तांदळाचं पीठ भुरभुरलं आणि मला हातखंब्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. आलो तेव्हा पीठ मागच्या सीलापाशीच ओलं होतं, बाकी सगळीकडे पांढरं. म्हणजे तेल बाहेर येत होतं सीलातूनच, आणि सील तर तीनदा बदललेलं. तो गाडीखाली पडूनच राहिला. मग गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, हात घालून चाचपडू लागला. एक सुई मागितली. थोड्या वेळाने फुस्स आवाज झाला, चाकातली हवा सोडावी तसा.

बाहेर येऊन त्याने तळहातावर काळ्या रंगाची खपली दाखवली. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वर एक बारीक भोक असतं. ते बुजलं, की हवा तेलाला सीलातून ढकलते. सील कितीही नवं असो. हे त्याने मला शांतपणे समजावून सांगितलं आणि विचारलं, “रंग कुणी मारला?”

“मीच.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्याने चौथं सील घातलं, तेल भरलं, पैसे मोजून घेतले. मजुरीचं विचारलं तर म्हणाला, “मजुरी नको. नाट्याला सांगा एकदा. तेवढं करा.” मी हो म्हणालो.

गळती थांबली ती आजतागायत. नाट्याला मात्र मी सांगितलं नाही. आंब्याचा हंगाम होता, हे कारण मी स्वतःला दिलं. मार्च ते मे दोन वेळा त्या टपरीवरून गेलो आणि थांबलो नाही. चारचौघांत सांगायचं होतं की रंग मीच मारला, आणि विचारल्यावर काही केलं नाही म्हणूनही मीच सांगितलं... तेवढं होईना. माझ्या बोलण्याने त्याचं हृदय थांबलं, असं मी म्हणत नाही. पण चार गाड्यांचं काम गेलेला माणूस ते दोन महिने रस्त्याकडे बघत बसायचा, हे मला वहिनींनी तेराव्याला सांगितलं. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात लावला नाही. “ते रोज विचारायचे, अण्णा आज नाट्याला गेले असतील का,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आधी जाऊन या.”

दुसऱ्या दिवशी गेलो. टपरीवर पाच जण होते, त्यांत राजापूरला जाणाऱ्या चौघांपैकी तिघं. मी चहा सांगितला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. रंग, भोक, चार सीलं, नऊ मार्च. कुणी मान वर केली नाही. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या विठोबाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “दत्तारामासमोर आम्हाला आता कधी उभं राहता येणार, अण्णा?”

मी पैसे द्यायला खिशात हात घातला. त्याने माझं मनगट धरलं, जोरात नाही. सहा चहांचे साठ रुपये त्यानेच टपरीवाल्याला दिले. माझ्या चहाचेसुद्धा.