भिंत मोजणारे काका

"एकदा बघितलं म्हणजे बघितलंच नाही," असं म्हणत काका उंची मोजायच्या लेव्हलच्या भिंगाला पुन्हा डोळा लावायचे. समोर पट्टी धरून उभा असलेला गावचा गडी वैतागायचा. "भिंत हितंच हाय काका, पलून नाय जात!"

पळून जात नव्हती, पण खाली जात होती. उलव्यापलीकडे खाडीत बंदर वाढवायचं काम होतं आणि तळाला लोण्यासारखा चिखल. दगडांचा एक थर टाकायचा, भिंत किती बसली ते रोज मोजायचं, ती स्थिरावली की पुढचा थर. घाई केली तर चिखल सरकतो आणि भिंत माणसांसकट खाडीत. मी तिथे इंजिनिअर, काका मोजणीला.

तुमच्याही ओळखीत असा एखादा संशयी असेलच. पनवेलला त्यांच्या बिल्डिंगखाली मी गाडी घेऊन थांबायचो आणि ते अर्ध्या जिन्यातून गॅस बंद आहे का बघायला परत वर जायचे. काकू ओरडायच्या, "अहो, बंद कसा असेल? पोळ्या चालल्यात माझ्या!"

मग महिनाभर भिंत तसूभरही बसली नाही. वरचे साहेब खूश. सोमवारी पुढचा थर टाकायचं ठरलं. त्याच आठवड्यात उधाणाचं पाणी भरावावरच्या आमच्या केबिनच्या पायरीला लागलं. असं कधी झालं नव्हतं. काका डबा अर्धा टाकून उठले आणि थेट टेकडीच्या न हलणाऱ्या कातळापासून मोजत आले. केबिनजवळच्या ज्या खांबाची उंची कायम धरून आम्ही भिंत मोजत होतो, तो खांबच भरावासकट खचत होता. दोघं बरोबरीने खाली चालले होते, म्हणून भिंत जागेवर दिसत होती. सगळं दोनदा बघणाऱ्या माणसाने खांब एकदाही तपासला नव्हता. मीही नाही.

"काका, रिटायर व्हायला चार महिने राहिलेत," मी म्हणालो. "मोजायला गुपचूप नवी खूण घेऊ. आकडे हळूहळू जुळवू." आज हे लिहितानाही लाज वाटते.

"आणि सोमवारी पोरं वर चढतील, त्यांचं काय?"

शनिवारच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले. "खांब खचलाय. चूक माझी. थर टाकू नका."

"आणखी कोणाची जबाबदारी होती?" साहेबांनी विचारलं.

"मोजणी माझी एकट्याची."

समोर रजिस्टर उघडं होतं. त्यांच्या आकड्यांखाली, प्रत्येक पानावर, माझी सही होती. मी पाण्याचा ग्लास उचलला.

काम थांबलं, भिंत वाचली. काकांना त्याच दिवशी घरी पाठवलं. आता भिंत पुरी झाली आहे, मी अजून तिथेच आहे आणि फार थकलो आहे. काका पनवेललाच असतात. दोन वर्षं झाली, मी त्यांच्याकडे गेलेलो नाही.