राजलक्ष्मीबाईंचा गॅस

गिरगावच्या त्या चाळीत राजलक्ष्मीबाईंची शेगडी सगळ्यांत आधी पेटायची. पहाटे राखेखालचे निखारे फुंकून त्या चहाचं आधण ठेवतात न ठेवतात, तोच शेजारणी विस्तव मागायला हातात पळा घेऊन दारात हजर. विस्तव नेता नेता कोणाची सून कशी वागते, कोणाला कुठलं स्थळ सांगून आलं, सारं इथेच कळायचं. नवरा केव्हाच गेला होता, मुलगा श्यामकांत नोकरीला कलकत्त्यात. पण बाईंची सकाळ कधी एकटीनं गेली नाही.

आईचे धुरानं लाल झालेले डोळे श्यामकांतला बघवेनात. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं घरात गॅस घेतला. गॅस होता मोठा गुणाचा, नावं ठेवायला जागा नाही. धूर नाही, राख नाही. काडी लावली की जाळ. थंडीत अंघोळीचं पाणी बघता बघता कढत. मात्र पळ्यात घालून द्यायला विस्तव नव्हता. शेजारणींनी दुसरं दार धरलं. त्या लख्ख, ऊबदार स्वयंपाकघरात बाई एकट्या बसून राहत.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबईसाठी लोक रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, कोळशाची वखार बंद. पहिल्यांदा शेजारच्या कमलाबाई आल्या, नातवाचं दूध तापवायला. मग कोणाचा भात, कोणाच्या बाळंतिणीचं पाणी. अख्खा मजला बाईंच्या स्वयंपाकघरात लोटला. बायका हात शेकत बसत, कोण गेलं ते सांगत, डोळे टिपत. बाईंना क्षणाची उसंत नव्हती आणि खरं सांगायचं तर त्या सुखात होत्या.

संचारबंदी उठली, कोळसा आला. कमलाबाई वाटीभर खीर घेऊन आल्या.

"फार त्रास दिला हो तुम्हाला. आता नाही देणार."

"त्रास कसला? येत जा की," बाई म्हणाल्या.

पण कमलाबाईंच्या घरी शेगडीवर वरण होतं, त्या टेकल्यासुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सवयीनं मोठं पातेलं भरून पाणी ठेवलं. उकळी फुटली, कोणी आलं नाही. आणखी चार दिवस राहिली असती संचारबंदी, असं त्यांच्या मनात आलं. समोरच्या चाळीतला जयवंत त्याच गोळीबारात गेला होता. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी उठून दार लावून घेतलं.