पोचा आलेली घागर

भिंगारच्या बाजारात कुठल्याही दुकानाची पाटी बघावी, खाली उजव्या कोपऱ्यात ‘पेंटर गहिनी, भिंगार’ ही अक्षरं ठरलेली. शेवटच्या ‘र’ला मागे वळवून नावाखालून अशी शेपटी मारलेली असायची की दुकानदाराच्या नावाआधी गिऱ्हाइकाची नजर तिच्यावरच पडावी. दुकानदार कुरकुरायचे. गहिनीनाथ म्हणायचा, “सगळी पाटी तुमच्या नावाची, कोपरा तेवढा माझा.”

लढाईच्या वर्षांत त्याला दम खायला फुरसत नव्हती. छावणीतल्या प्रत्येक शिपायाची काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण. पंचेचाळीस साली लढाई संपली, पलटणी आपापल्या गावी गेल्या आणि गहिनीनाथाकडे मिलिटरी रंगाचे चार डबे तेवढे उरले. त्या रंगाची ख्याती अशी की ट्रंक गंजून जाईल, पण नाव जायचं नाही.

अशात राहुरीच्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी त्याच्याकडून पाटी रंगवून घेतली आणि म्हणाले, “हात चांगला आहे. चित्रकलेच्या वरच्या परीक्षेचं सर्टिफिकेट आणा, ड्रॉइंग मास्तर म्हणून घेतो.” झालं! गहिनीनाथाच्या डोक्यात ‘मास्तर’ हा शब्द जो शिरला तो निघेना. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी हा गडी रोज खाजाभाईच्या टांग्यातून नगरला काकासाहेबांच्या कलावर्गात जाऊ लागला.

पहिला वर्ग एलिमेंटरीचा, म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा. बुटक्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला मिशीवाला विद्यार्थी बघून पोरं त्याला ‘काका’ म्हणायची आणि त्याचं खोडरबर पळवायची. काकासाहेबांनी समोर पोचा आलेला तांब्या ठेवला. गहिनीनाथाने पाच मिनिटांत गोल गरगरीत, चकचकीत तांब्या काढून दिला.

“पोचा कुठंय?” काकासाहेबांनी विचारलं.

“काढून टाकला की. गिऱ्हाइकाला पोचा कुठं आवडतो?”

“गहिनीनाथ, तांब्या कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघतच नाही. माहीत आहे ते काढू नका. दिसतंय ते काढा.”

गहिनीनाथाने मान डोलावली. मनात म्हणाला, मास्तरला धंद्यातलं काय कळतंय!

परीक्षेच्या दिवशी चित्र उत्तम झालं. समाधानाने त्याने श्वास सोडला आणि सवयीने खालच्या कोपऱ्यात झोकात लिहिलं, ‘पेंटर गहिनी, भिंगार’. आता परीक्षेचा नियम असा, की कागदावर फक्त नंबर घालायचा. नावाचं एक अक्षर दिसलं की कागद बाद. गहिनीनाथ बाद झाला. त्याचं खोडरबर पळवणारी पोरं पास झाली.

पुढच्या वर्षी परीक्षेच्या सकाळी त्याची बायको कडूबाई त्या मिलिटरी रंगाचा डबा घेऊन दारात उभी राहिली. “अवं, तिथं गेल्यावर हात शिवशिवणारच. त्यापरीस आधी हितंच खाज जिरवून घ्या. काय लिव्हायचं ते घरात लिव्हा.” गहिनीनाथ सुटला. चूल सोडून काही ठेवलं नाही. पाट, सूप, पेटी, दाराची चौकट आणि कडूबाईच्या माहेरची तांब्याची घागर, सगळीकडे ‘पेंटर गहिनी, भिंगार’. शेळी वेळेवर पळाली म्हणून वाचली. तो पास झाला. कडूबाईने चिंच घासली, राख घासली, पण अक्षरं ढिम्म हलली नाहीत. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. आडावरच्या बाया वाचून दाखवायच्या आणि हसायच्या.

मग इंटरमिजिएट झाली. मग वरचा वर्ग, तैलरंग, माणूस समोर बसवून काढलेली डोकी. खाजाभाई तर इतक्या वेळा बसला की त्याचं घोडं आपसूक वर्गाच्या दारात थांबू लागलं. आणि एकोणपन्नास साली शेवटची परीक्षा आली. राहुरीच्या हेडमास्तरांचा निरोप आला होता, जूनपर्यंत सर्टिफिकेट आणा, नाहीतर आम्ही दुसरा बघतो.

स्थिरचित्रासाठी काकासाहेबांनी विद्यार्थ्यांच्या घरून भांडी मागवली होती. कडूबाईने हौसेने घागर धाडली. वर्गाच्या शिपायाने ती चौरंगावर मांडली, नीट, अक्षरं पुढे करून. घंटा झाल्यावर गहिनीनाथाने वर बघितलं आणि त्याला घाम फुटला.

“साहेब, घागर जरा फिरवता का?”

“घंटेनंतर मांडणीला हात लावायचा नाही,” बाहेरगावहून आलेले पर्यवेक्षक म्हणाले.

आता आली का पंचाईत! नाव काढावं तर कागद बाद, मास्तरकी गेली. गाळावं तर कोणाला कळणार होतं? पण तीन वर्षांत काकासाहेबांनी एकच गोष्ट शिकवली होती आणि ती आता अंगात मुरली होती. दिसतंय ते गाळायला हात धजेना. अर्धा तास तो नुसता बसून राहिला. ज्या नावापायी एकदा बुडालो तेच पुन्हा पुढ्यात येऊन बसावं, याचं त्याला रडू यायचं बाकी होतं.

आणि बघता बघता त्याला दिसलं. तो बसला होता अगदी डाव्या टोकाला. तिथून ‘पें’ सरळ दिसत होता. ‘ट’ अंग चोरून उभा होता. ‘र’ची नुसती काडी, आणि पुढे घागरीची कड. बस्स! ‘गहिनी, भिंगार’ सगळं पलीकडे वळून गेलं होतं. दहा हजार वेळा लिहिलेलं स्वतःचं नाव त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आणि कडेपाशी, उजेडात, एक खोल पोचा होता. तो तर त्याने कधी बघितलाच नव्हता.

त्या साली परीक्षकांनी ‘पेंटर गहिनी, भिंगार’ हे नाव सात पोरांच्या कागदांवर वाचलं आणि काकासाहेबांना दीड पानी खुलासा पाठवावा लागला, तेव्हा कुठे ती पोरं वाचली. खुद्द गहिनीनाथाच्या कागदावर तेवढं नाव नव्हतं. तो वर्गात पहिला आला.

पुढे काकासाहेबांनी ते चित्र वर्गात टांगलं. खाजाभाईने कडूबाईला टांग्यातून आणलं. ती दारातच थबकली, मग सरळ चित्रापाशी गेली आणि पोच्यावर बोट ठेवलं.

“ही माजी घागर! आई गेली त्या दिशी आडावर हातातनं सुटली हुती. त्योच पोचा हाय ह्यो.” तिचे डोळे भरून आले.

काकासाहेबांनी ब्रश पुढे केला. “घाला मास्तर, आता खुशाल नाव घाला. परीक्षा संपली.”

गहिनीनाथाने कडूबाईकडे बघितलं. ती अजून पोच्यावरून बोट फिरवत होती.

“ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “वळखली की तिनं.”