आश्रमात सगळं चांगलंच असतं!

किस्से कुणी ठरवून जमवत नसतं हो. माझे तर राग गिळता गिळता जमले! नर्सच्या नोकरीतून रिटायर झाले आणि समाजकल्याण खात्याकडून वसमतजवळच्या एका वृद्धाश्रमाचं काम गळ्यात पडलं. म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि त्यांच्या बाजूनं भांडायचं. मी आश्रमाची नोकर नाही, त्यामुळं कुणाला भ्यायचं कारण नाही.

पहिल्याच दिवशी तक्रारपेटी दिसली. भिंतीवर, घड्याळाच्याही वर! खाली वॉकर धरून चालणारी माणसं.

"एवढ्या उंच काहून?" मी मॅनेजरला विचारलं.

"खाली लावली की लोक चिठ्ठ्या टाकतात ना, मॅडम!"

तिथंच उभी राहून उतरवून घेतली.

*

मग एकेकाशी बोलायला बसले. मॅनेजर खुर्ची ओढून शेजारीच. जेवण कसं? "चांगलं." आंघोळीला गरम पाणी? "चांगलं." पाय दुखतात का? "चांगलं!"

मी त्याला बाहेर जा म्हणाले. "असू द्या मॅडम, त्यांना माझी सवय हाय."

घालवलाच. दार लागल्यावर हट्टा गावच्या कौसल्याबाई हळूच म्हणाल्या, "सवय न्हाई बाई, भ्या हाय."

*

पुढच्या खेपेला ह्याच कौसल्याबाई डोक्यावरचा पदर सोडेनात. विंचरायचा ताप नको म्हणून, न विचारता केस भादरले होते! रडून रडून डोळे सुजलेले.

"ह्या वयात केसांचं काय काम?" मॅनेजर म्हणाला.

त्याच्या टकलावर चार केस आडवे ओढलेले. "मग तुमचे चार कुणासाठी सांभाळलेत?"

वर खात्याला लेखी कळवलं. आता विचारल्याशिवाय कात्री लावत नाहीत. पण गेलेली वेणी कुठून आणून देऊ?

*

आखाडा बाळापूरचे एक रिटायर गुरुजी. दुपारभर खोलीला बाहेरून कडी घालतात, असा त्यांनी माझ्याकडं अर्ज दिला. आठवड्यात त्यांच्या फाइलवर शेरा पडला: 'भ्रमिष्ट. बोलण्यावर विश्वास ठेवू नये.' माझं डोकंच फिरलं! बाहेरच्या डॉक्टरांना घेऊन गेले.

डॉक्टरांनी वार विचारला, गुरुजींनी सांगितला. गाव, तालुका, सगळं सांगितलं. सतरा नव्वे?

"एकशे त्रेपन्न. आता एक प्रश्न मी विचारू?" गुरुजी मॅनेजरकडं वळले. "दोन वर्षं झाली, इथंच राहून राहिलो. सांगा, माझं नाव काय हाय?"

मॅनेजरनं डॉक्टरांच्या हातातल्या फाइलीकडं बघितलं. ती बंद होती. मग पलंगाकडं बघितलं.

"सात नंबर," म्हणाला.