अक्कांचा डावा हात

अक्कांचा डावा हात कधी मोकळा दिसायचा नाही. चिकपेठेतल्या त्या लहान प्रसूतिगृहात त्या आया होत्या. तिथे बाळांचे लंगोट बदलायचे एक उंच टेबल होते. टेबलावर बाळ असेपर्यंत अक्कांचा डावा हात त्याच्या पोटावर आणि बाकी सारे काम उजव्या हाताने. लंगोट, कोमट पाण्याचे भांडे, पावडर, सगळे आधी हाताशी मांडायचे, मग बाळ उचलायचे.

ताईच्या बाळंतपणात मी तिच्या सोबतीला होते. एकदा भाचीला टेबलावर ठेवून मी खाली पडलेला लंगोट उचलायला वाकले. अक्का धावत आल्या, बाळावर हात ठेवला आणि मगच माझ्यावर ओरडल्या, "लंगोट पडला तर धुता येतो गं!"

"आठ दिवसांची आहे, अक्का. कुठं उलटतेय?"

"तुला सांगून उलटणार आहे काय ती?"

त्या टेबलाला कठडा बसवा म्हणून त्या दोन वर्षे सांगत होत्या. ऐकतो कोण?

मग एका सकाळी विश्वस्त आले. तिथे शिरस्ता असा, की ते येताच आयांनी ओळीने उभे राहून हात जोडायचे. अक्कांपुढे अर्धवट गुंडाळलेले बाळ होते. त्यांनी नुसती मान लववली.

मेट्रन कडाडल्या, "दोन हात नाहीत काय तुला?"

"आहेत की. एक कामावर आहे."

ताईला हसू आवरेना. विश्वस्त मात्र लालबुंद झाले. संध्याकाळपर्यंत माफी मागितली नाही, तर उद्यापासून कामावर येऊ नये, असा निरोप आला. अक्का विधवा होत्या आणि दुसरा आधार नव्हता.

माझे रक्त उसळले. घरात लहानपणापासून चळवळीची पत्रकेच वाचलेली. तासाभरात मी एक जळजळीत पत्रक लिहून अक्कांना वाचून दाखवले. गुलामी, स्वाभिमान, श्रमाची प्रतिष्ठा, सगळे होते त्यात.

अक्कांनी शांतपणे ऐकले आणि आपल्या कानडी वळणाने म्हणाल्या, "सरी, बरं. झ्याक लिहिलंस. पण ह्यात कठडा कुठं आहे?"

मी ते फाडले. नव्या कागदावर चारच ओळी लिहिल्या, फक्त कठड्याच्या. खाली वॉर्डातल्या साऱ्या आयांनी आणि बाळंतिणींनी सह्या केल्या, कुणी अंगठे उठवले.

संध्याकाळी तो कागद घेऊन अक्का विश्वस्तांपुढे उभ्या राहिल्या. मी दारात होते. त्यांनी दोन्ही हात नीट जोडले. "लेकरू आईकडं देऊन आले, सामी. आता नमस्कार करते." माफीचा शब्द काही त्यांनी काढला नाही.

त्यांची नोकरी गेली. कागद मात्र विश्वस्तांच्या टेबलावर राहिला.

काही महिन्यांनी मी तिथे डोकावले, तर टेबलाला चारी बाजूंनी गुळगुळीत, वीतभर उंच कठडा! मी तशीच धावत अक्कांच्या खोलीवर गेले. त्या शेजारच्या दोन लेकरांना सांभाळत बसल्या होत्या.

"अक्का, आपण जिंकलो! कठडा बसवला!"

त्यांचा चेहरा उजळला. क्षणभरच. "आणि हात ठेवतात ना गं बाळावर?"

ते मी पाहिलेच नव्हते. जिंकल्याच्या घाईत बाळाकडे माझे लक्षच गेले नव्हते.

"स्वल्प बसून चहा घे," अक्का म्हणाल्या. "मग जाऊन बघून ये."

मी चहा घेतला आणि बघायला गेले.