पॉम्पेईतल्या तीन मुठी

सिमेंट कंपनीने विक्रेत्यांना इटलीची सहल दिली, तेव्हा ब्रह्मपुरीचे जाहिदभाई निघाले, ते नाही म्हणायचे सुचले नाही म्हणून. त्यांची बायको सईदा त्याच उन्हाळ्यात वारली होती. माल आणायला गेलेले ते गडचांदूरहून पोचेपर्यंत दफन उरकले होते आणि कबरीवर रिवाजाप्रमाणे आपल्या हाताने तीन मुठी माती टाकायची राहूनच गेली. तेव्हापासून त्यांना ना रडू आले होते, ना भूक लागली होती.

पॉम्पेईत गाइडने सगळ्यांना एका काचेच्या पेटीपुढे उभे केले. आत तोंडावर हात घेतलेली बाई होती. ज्वालामुखीच्या राखेत तिच्या देहाची पोकळी उरली होती, तीत प्लास्टर ओतून काढलेला तो पुतळा होता.

"पक्कं काम हाय बा," चिमूरचा विक्रेता गोपाल म्हणाला. "कुठी बुडबुडा नाई."

जाहिदभाईंनी वाकून वाटेवरची माती मुठीत घेतली.

"काऊन भाऊ, माती नेऊन राह्यले का? आपल्या इथी कमी हाय का?"

"ह्या बाईले कोणी माती देल्ली नसन," ते म्हणाले.

जाहिदभाईंनी पेटीच्या पायथ्याशी मूठ-मूठ करून तीनदा माती सोडली. तेवढ्यात गाइडने झेंडा उंचावला, तसे ते रांगेत चालू लागले. रडू आले नाहीच. जेवणाआधी हात धुताना मात्र त्यांनी गोपालला विचारले, "इथी भात भेटन का?"