कोपऱ्यावरचे जॉबरचाचा

“कोनाची हाय ही पिशवी? खाली या, न्हायतर मी वर येतो!”

जॉबरचाचांचा आवाज चार माळे चढून आमच्या बंद खिडकीतून आत शिरला. कापडाच्या कारखान्यात चाळीस लूम एकदम धडधडत असताना बोलून बोलून कमावलेला गळा तो. पार तिकडे खारबाव स्टेशनात उभ्या गाडीतले लोकसुद्धा ‘आपलीच असेल’ म्हणून खाली उतरले, असं सांगतात. पिशवी माझीच होती. खिडकीतून फेकली होती.

मी खाली पोचेपर्यंत चाचांनी ती उलटी करून मांडामांड केली होती. मटाराची टरफलं शेजारच्या बकरीपुढे, दुधाच्या पिशव्या भंगारवाल्यासाठी वेगळ्या. “उरला काय? मूठभर! ते घरात ठेव. घंटागाडी आठला येते. तुझाच कचरा हाय, चावनार न्हाय.” आता मी काल्हेरला राहतो, तरी कचऱ्याची पिशवी उचलली की आधी मागे वळून बघतो.

चाचा जॉबर, म्हणजे लूमचे मिस्त्री; आयुष्यभर भिवंडीभर लूम दुरुस्त करत हिंडले. एका जागी बसणं त्यांच्या अंगातच नव्हतं. सून म्हणे, जेवताना ताट घेऊन त्यांच्यामागं फिरावं लागतं. असा माणूस काम सुटल्यावर, अख्खी गल्ली जिथं कचरा फेकायची नेमका तो कोपरा झाडून, तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. रोज! पाय इतका हलवत, की दुपारपर्यंत खुर्ची सरकत सरकत गटारापाशी पोचे. पाहुणे तिथंच, चहा तिथंच. धाकट्या लेकीचं लग्नही तिथंच ठरलं. वरपक्ष नाकाला रुमाल लावून आला आणि होकार देऊन गेला.

कारण साधं होतं. ढीग साचला की कुणीतरी पेटवायचं. प्लास्टिकचा धूर थेट चाचांच्या खिडकीत, आणि चाचींना दमा. रात्ररात्र बिचाऱ्या बसून काढायच्या. ढीगच नाही तर पेटवणार काय? चाचा बसले तेव्हापासून तिथं काडी ओढली गेली नाही.

मग एका सकाळी चाची गेल्या. झोपेतच. तीन दिवस खुर्ची रिकामी होती. तेवढ्यात कोपऱ्यात सात पिशव्या पडल्या. एक कुणाची होती, ते मी सांगणार नाही.

चौथ्या दिवशी चाचा आले. झाडलं, बसले, उठले, पुन्हा बसले. पाय हलतच होता. मला राहवेना.

“चाचा, चाची गेल्या. आता धूर झाला तरी त्रास कुणाला? घरात बसा की.”

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

“दुसऱ्या माळ्यावर पोर झालंय.”